सव्वाशे पावलांचं गाव

रेणूताई आमच्या गल्लीत राहायला आली त्याच्या आठ दिवस आधी आमच्या अख्ख्या गल्लीने घरातली भांडीकुंडी रस्त्यावर काढली होती. यात आपला काडीचाही दोष नव्हता असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. सगळा दोष तिचाच होता, असं माझं मत आजही कायम आहे.

झालं ते असं. त्या वर्षांत यवतमाळात मलेरियाच्या फवारणीवाल्यांचा फेरा असायचा. आदल्या दिवशी कुणीतरी दारांवर खडूने खुणा करून जायचं, दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेतलेली खाकी माणसं हजर. खूण दिसली की बायकांची धांदल उडायची. धान्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, पाण्याचे हंडे, सगळं उचलून बाहेर. मे महिन्यातल्या एका सकाळी आमच्या गल्लीतल्या ओट्यांवर अशाच खुणा दिसल्या. कुठे बरोबरची खूण, कुठे शून्य. शून्यवाल्यांना वाटलं, आपल्याकडे दुप्पट औषध मारणार. आमच्या ओट्यावर शून्य होतं, म्हणून आईने देवसुद्धा बाहेर काढले.

बारा वाजले तरी खाकी माणूस फिरकला नाही. लोणचं उन्हात तापलं आणि कुणाच्या तरी तुरीच्या डाळीत बकरीने तोंड घातलं. तेवढ्यात मिटलेली छत्री टेकत एक तिशीची बाई गल्लीतून आली. आमच्या ओट्यावरची परात तिने बाजूला सरकवली, बसली आणि विचारलं, "आज लगन हाय काय गल्लीत?"

"मलेरियावाले येऊन राह्यले," आई म्हणाली. "खुणा नाही दिसल्या काय तुले?"

त्या बाईने खुणेकडे पाहिलं, रस्त्यावरच्या हंड्यांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "त्या मी केल्या."

पुढचा अर्धा तास काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. गल्लीतल्या बायका काय काय बोलल्या ते मी शाळेतली मास्तरीण असून मला लिहिता येणार नाही. ती सगळं ऐकून घेत बसून राहिली. शेवटी शिंप्याची काशीबाई थकली आणि म्हणाली, "पन केल्या कायले?"

"घर पाहून राह्यली," ती म्हणाली.

"घर पाह्यतात तं भिंती पाह्यतात. तू ओटे कायले पाह्यतं?"

मग तिने लुगड्याचा काठ जरा वर केला आणि डावा पाय दाखवला. लहानपणीच्या तापाने वाळलेला, मनगटाएवढा. या पायाने तिला सव्वाशे पावलं चालता यायचं. मग थोडा वेळ बसावं लागायचं. बसली की पुन्हा सव्वाशे. म्हणजे तिला जिथे राहायचं, तिथून शाळा, बाजार, वाचनालय आणि दवाखाना या चारही ठिकाणी जाताना दर सव्वाशे पावलांवर बसायला ओटा हवा. आणि ओटा असून भागत नाही, त्यावर बसू देणारं माणूसही हवं. म्हणून ती गेले पंधरा दिवस गल्लीगल्लीतून ओट्यांवर बसून पाहत होती.

"बसली का मी गप राह्यतो," तिने मला पुढे समजावून सांगितलं. आमच्याकडच्या काही बायका बोलताना पुरुषासारखंच 'राह्यतो, जातो' म्हणतात, तशी ती म्हणायची. "घरातून कोणी येते. आधी पाणी इचारलं तं बरोबरची खूण. आधी आडनाव इचारलं तं शून्य."

आमच्या ओट्यावरच्या शून्याचा उलगडा मला तेव्हा झाला. आदल्या दिवशी आईनेच तिला दारात उभं राहून विचारलं होतं, "कोणापैकी तुम्ही?"

"दमलेल्यांपैकी," ती म्हणाली होती.

ती माझ्याच शाळेतली होती हे मला त्याच आठवड्यात कळलं. दुसऱ्या शाळेतून बदलून आली होती. मुलींच्या शाळेत चौथीला भूगोल आणि गणित शिकवायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणू लागले. शाळेच्या अगदी शेजारी एक खोली रिकामी होती. मी ती तिला दाखवली, तर तिने आतसुद्धा डोकावलं नाही. "इथं राह्यली तं मले फक्त शाळा भेटंल," ती म्हणाली. "मले गाव पाह्यजे."

हे वेड वाटेल, पण एकदा साधं डोकं चालवून ती फसली होती. आदल्या साली पावसाळ्यात तिने जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, रस्त्याला खोली घेतली होती. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना कडुनिंब, कुणी फिरकायचं नाही. इतका शांत रस्ता यवतमाळात दुसरा नाही, असं तिने घरी पत्राने कळवलं. आमच्याकडे जन्मलेल्या माणसाने ही चूक करावी याचं मला आजही हसू येतं. जिनाचा रस्ता पावसाळ्यात शांत नसेल तर कधी असेल? दिवाळी झाली आणि कापसाच्या बैलबंड्या आल्या. एकामागे एक, जिनाच्या फाटकापासून पार नाक्यापर्यंत. बैल रस्त्यातच बसलेले आणि गाडीवान बैलांना टेकून झोपलेले. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला जागा नाही. तीन दिवस ती उशिरा पोचली, चौथ्या दिवशी टांग्याने गेली. आणि नेमका त्याच दिवशी तिचा भाऊ उमरखेडहून तिला भेटायला आला होता.

या भावाबद्दल सांगितल्याशिवाय रेणूताई समजणार नाही. वडील लवकर गेलेले. उमरखेडजवळच्या गावी शेती होती, ती दादा पाहायचा. त्याने बहिणीला चौथीपर्यंत खांद्यावर बसवून शाळेत नेलं, पुढे दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, घालून. तिने नोकरी करावी याला त्याची ना नव्हती, तिने दुसऱ्याच्या आधाराने जगावं याला होती. आधारच घ्यायचा तर घरी घे, मी काय मेलो आहे काय, असं त्याचं म्हणणं. टांग्यातून उतरताना तिला पाहून त्याने तिथेच अट घातली. ही संक्रांत सोडली, तर पुढे दर संक्रांतीला मी येईन. तू आपल्या पायाने शाळेत जाताना दिसलीस तर ठीक. टांग्यात दिसलीस, तर तोच टांगा उमरखेडच्या गाडीला लागेल. आणि रेणूताईने होय म्हटलं.

"काहून होय म्हटलं तू?" मी तिच्यावर चिडले होते. "त्याले काय अधिकार?"

"त्याच्या खांद्यावर बसून शिकली मी," ती म्हणाली. "त्याले पाह्यचा अधिकार हाय. पन मी घरी नाही जात वापस. तिथं मले कोणी पडू देत नाही, अन् चालूबी देत नाही."

आमच्या गल्लीच्या शेवटच्या टोकाला एक खोली तिने घेतली. तिथून शाळेपर्यंत सात ओटे. सहा बरोबरच्या खुणेचे आणि एक शून्याचा, आमचा. दुसरा इलाज नव्हता म्हणून आमचा घेतला असं ती मला तोंडावर सांगायची. आई बिचारी तिला रोज आधी पाणी देऊ लागली, तरी ते शून्य काही बदललं नाही. खरं तर पहिल्याच पावसात ते धुवून गेलं होतं. पण मी विषय काढला की ती म्हणायची, "एकदा दिलेले मार्क मी वाढवत नाही."

तिचं बसणंही पाहण्यासारखं होतं. पाचएक मिनिटं, जास्त नाही. तेवढ्यात ती त्या घरातलं काहीतरी करून टाकायची. काशीबाईच्या सुईत दोरा ओवून द्यायची, कुणाचं आलेलं पत्र वाचून दाखवायची, कुणाच्या पोराचा पाढा ऐकायची. फुकट बसत नाही, असं दाखवायचा आव मात्र नसायचा. तिला खरोखरच सगळ्याची चौकशी असायची. जावयाने काय लिहिलं, भाकरी ज्वारीची की कळण्याची, शेजारची म्हैस आटली का. मी त्याच गल्लीत सहा वर्षं राहत होते आणि मला काशीबाईची मुलगी कुठे दिली आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी सायकलवर जायची ना. सायकलवरच्या माणसाला फक्त खड्डे ठाऊक असतात.

गल्लीच्या तोंडाशी गफूरचाचाचा टांगा उभा असायचा. तो तिला रोज सकाळी हाक मारायचा, "बाई, बसा ना. आज घोडंबी खुश हाय."

"उद्या पाहू चाचा," ती म्हणायची. इतकी वर्षं ही दोन वाक्यं बदलली नाहीत.

पहिल्या संक्रांतीला दादा आला. उंच, धोतर, खांद्यावर घोंगडं, बोलणं कमी. ती निघाली आणि तो तिच्या मागे दहा पावलांवर चालू लागला. मी सायकल हातात धरून त्याच्याही मागे. तिचा पाय अडखळला की त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे आणि तो ते पुन्हा मागे घ्यायचा. ते हात मला अजून दिसतात. ती ओट्यावर बसली की तोही बसायचा. प्रत्येक ओट्यावर त्याला आधी पाणी, मग तिळगूळ. आमच्या आईनेही आडनाव विचारलं नाही.

शाळेच्या फाटकाशी तो थांबला. "सात ठिकानी बसली तू," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. सात ठिकानी पाणी पेलो. पोट गच्च झालं." आणि तो तसाच स्टँडकडे निघून गेला. जाताना मला मात्र हळूच म्हणाला, "इथं इतके लोक हायेत, थे मले कोणी सांगतलं काहून नाही?"

पण अट त्याने मागे घेतली नाही. दर संक्रांतीला यायचा.

तीन-चार वर्षं अशी गेली आणि आमच्या गल्लीत मोटर आली. कापसाचे अडते ब्रिजलाल शेठ आमच्या गल्लीच्या मध्यावर राहायचे. त्यांनी मोटर घेतली ती गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकली. ओट्यांमधून वीतभर जागा कमी पडत होती. शेठ भले माणूस, ते म्हणाले, राहू द्या, नाक्यावर उभी करीन. पण गल्लीला ते सहन होईना. आपल्या गल्लीतली मोटर नाक्यावर उभी राहणार? गल्लीची काही इभ्रत आहे की नाही? चार बायका आणि सहा पुरुष जमले, आणि ओटे फोडायचं गल्लीनेच ठरवलं. मी तिथे होते. मीही होय म्हटलं. मोटरचं कौतुक मला काही कमी नव्हतं. रविवारी रेणूताई वाचनालयात गेलेली असताना शेठच्या माणसांनी पहारी घातल्या आणि संध्याकाळपर्यंत सातातले पाच ओटे गेले. आमचाही गेला. रात्री मोटर दाराशी लागली तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. खरं सांगते, तो पेढा खाऊन होईपर्यंत आम्हा एकालाही रेणूताईची आठवण झाली नाही.

सोमवारी सकाळी ती निघाली. काशीबाईच्या दाराशी आली आणि उभी राहिली. जिथे ओटा होता तिथे भिंतीला मातीचा ओला पट्टा होता. भिंतीला पाठ टेकून, छत्रीवर भार देऊन उभी राहिली आणि मग पुढे निघाली. मी दारातून पाहत होते. मला माझी इतकी लाज वाटली की सायकल काढायचं धैर्य होईना. संक्रांत महिन्यावर आली होती.

शेठ स्वतः बाहेर आले. "बेटी, मोटर तर शाळेवरूनच जाते. रोज बसत जा. तुझ्या पायाचं दुःखच संपलं."

आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. खरंच की, मोटर असताना ओटे कशाला?

रेणूताईच्या कपाळावर घाम होता. "तुमचं मन मोठं हाय शेठजी," ती म्हणाली. "पन माह्या भावाले सात घरं दाखवा लागतात." त्या दिवशी ती शाळेत पाऊण तास उशिरा पोचली आणि पायरीवरच बसून राहिली. तिचा वर्ग मी घेतला. संध्याकाळी तिच्या खोलीत ट्रंक बाहेर काढून ठेवलेली मला दिसली. तिने ती भरली नव्हती, नुसती बाहेर काढली होती. मी आईला येऊन सांगितलं.

आई त्या रात्री जेवली नाही. मंगळवारी सकाळी तिने गोड्या तेलाचा रिकामा डबा उपडा करून आमच्या दाराशी ठेवला, त्यावर गोणपाटाची घडी. मला म्हणाली, "जा, काशीबाईले सांग." काशीबाईने शिलाई मशीनचं स्टूल बाहेर आणलं. कुणी बाज उभी होती ती आडवी केली, कुणी पाटावर पाट रचले. साडेदहाला रेणूताई निघाली आणि प्रत्येक दाराशी काहीतरी होतं. ती आमच्या डब्यावर बसलेली असताना मागून मोटर आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आई पाण्याचा पेला हातात घेऊन मोटरसमोर उभी राहिली. "थांब. बाई बसली हाय."

मोटर थांबली. पाच मिनिटं. मग पुढच्या दारी पुन्हा पाच मिनिटं. दोन दिवस शेठ मोटरीत बसून घड्याळ पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी मोटर दहालाच निघाली, आणि चौथ्या दिवशी शेठच्या दाराशी पेढीवरचं लांबलचक बाकडं येऊन पडलं.

संक्रांतीला दादा आला. फुटलेल्या ओट्यांकडे त्याने पाहिलं, डब्याकडे पाहिलं, बहिणीच्या शेजारी त्याच डब्यावर बसला. डबा कोपऱ्यात चेपला तो कायमचा. त्या वेळी फाटकाशी तो म्हणाला, "पुढच्या साली मी नाही येत. वावरात काम राह्यते." भर रस्त्यात, मुलींच्या देखत, रेणूताईने त्याच्या घोंगड्यात तोंड खुपसलं. ती रडताना मला दिसली ती तेवढीच.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी मारेगावला बदली झाली. आई त्याच्या आधीच गेली होती. सकाळी आठची गाडी. निघायच्या दिवशी सहा वाजता रेणूताई छत्री टेकत दाराशी. "स्टँडवर येतो," ती म्हणाली.

"वेडी हायेस काय? नाक्यापुढं एकबी ओटा नाही." स्टँड तिच्या चार ठिकाणांत कधीच नव्हतं. नाक्यापासून तिथवर नुसता उघडा रस्ता.

"तुही ट्रंक हाय ना," ती म्हणाली.

मग तसंच झालं. हमालाच्या डोक्यावर माझी पत्र्याची ट्रंक. सव्वाशे पावलं झाली की मी त्याला थांबवायची, तो ट्रंक उतरवायचा, ती बसायची. हमाल आधी कुरकुरला, मग आपणच मोजू लागला. एकदा तर शंभरालाच थांबला आणि म्हणाला, "बसा बाई, आता मलेबी बसा लागते." तिने मारेगावात घर कसं पाहायचं ते मला बजावलं. दिवाळीनंतर पाहा, पावसाळ्यात पाहू नको. मी म्हटलं, मी तर सायकलवाली. ती म्हणाली, "तिथं तरी उतर."

गाडी सुटायला पाच मिनिटं असताना पोचलो. हमाल ट्रंक टपावर चढवत होता तेव्हा ट्रंकेच्या कडेला मला पांढरं काहीतरी दिसलं. खडूने केलेली बरोबरची खूण. कोणत्या थांब्यावर तिने केली कोण जाणे. मी खाली वळून पाहिलं तर ती केव्हाच पाठ फिरवून रस्त्याला लागली होती. निरोप घेणं तिला जमायचं नाही. आणि मला तेव्हा सुचलं, की ट्रंक तर माझ्याबरोबर चालली. ही परत कशी जाणार?

गाडी स्टँडबाहेर पडली आणि शंभर-दीडशे हातांवर थांबली. ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्त्याच्या मधोमध गफूरचाचाचा टांगा उभा होता, रिकामा. चाचा घोड्याजवळ लगाम धरून खाली उभा. टांग्याच्या मागच्या पायदानावर रेणूताई बसली होती. दोन्ही पाय जमिनीवर, छत्री मांडीवर.

"हटाव ना टांगा," ड्रायव्हर ओरडला.

चाचाने हात वर केला. "थांब ना भाऊ. बाई बसल्या हायेत."

ती पुरती बसून झाली, तेव्हा उठली. छत्री टेकली आणि चालू लागली. चाचाने टांगा कडेला घेतला आणि तिच्या पुढे, तिच्याच चालीने, घोडं हाताने ओढत निघाला. गाडी त्यांच्या शेजारून गेली तेव्हा तिने वर पाहिलं नाही. तिचे ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती.